सूक्ष्म कणांची कसोटी

इ. स. १८९८ ची गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये लूसी डीन नावाच्या एक बाई कारखान्यांच्या निरीक्षक होत्या. त्या देशात सरकारने ह्या कामावर नेमलेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक होत. कारखान्यात हवा खेळती आहे की नाही, तेथे राबणाऱ्या स्त्रियांच्या प्रकृतीस काही अपाय तर होत नाही ना, हे पाहणे त्यांचे कर्तव्य होते. त्या काळी ॲस्बेस्टॉसचे कारखाने भरभराटीस येऊ लागले होते. ॲस्बेस्टॉस हे एक खनिज आहे. त्याचे तंतू कापसाप्रमाणे कातता व विणता येतात. आणि मौज अशी की, ते विस्तवात जळत नाहीत. बाष्पयंत्रांची वेष्टने, नळ, घरांवर घालण्याचे पन्हळी पत्रे अशा कितीतरी वस्तूंत पुढे त्याचा उपयोग होऊ लागला. परंतु ते तंतू पिंजताना आणि विणताना कारखान्यात धुळीचे लोट उठत.

ही धूळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तपासण्यात आली. तिचे कण काचेच्या तुकड्यांसारखे धारदार आणि दातेरी असल्याचे आढळले. असे कण हवेत तरंगत राहिल्यास ते आरोग्यास घातक ठरतात, असे लूसीबाईंनी आपल्या अहवालात नमूद केले.

त्या इशाऱ्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांत शिरली म्हणजे माणूस त्याच दिवशी अंथरुणास खिळतो, असे नाही. रोग वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षे दबा धरून बसतो आणि मग डोके वर काढतो. त्यामुळे धूळ आणि आजार ह्यांचा संबंध पुष्कळांच्या ध्यानातच आला नाही. ह्या धुळीला आळा घालणारे नियम ब्रिटनमध्ये १९३१ साली झाले आणि ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती १९९९ साली. पहिला इशारा आणि शेवटची बंदी ह्यांच्यामध्ये एक शतक लोटले! त्या शतकात किती कामकऱ्यांचे प्राण गेले असतील, ह्याची कल्पनाही करवत नाही.

ही दुःखद हकीकत येथे सांगण्यास एक कारण आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस माणसाने पुन्हा एकदा अतिशय उपयुक्त आणि अतिशय सूक्ष्म असे कण मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केला. त्यांना नॅनोपदार्थ म्हणतात. ग्रीक भाषेतील ‘खुजा’ ह्या अर्थाच्या शब्दावरून ‘नॅनो’ हा शब्द आला आहे. एका मीटरचे शंभर कोटी समान भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर होय. आपल्या डोक्यावरील केसाची जाडी सुमारे ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर असते. ज्या पदार्थाच्या कणांची लांबी, रुंदी किंवा जाडी ह्यांपैकी निदान एक तरी माप साधारणपणे एक ते शंभर नॅनोमीटरांच्या आत असते, त्यास नॅनोपदार्थ म्हणण्याचा प्रघात आहे.

आता तुम्ही म्हणाल, कण लहान झाला म्हणून काय झाले? सोने ते सोने आणि चांदी ती चांदीच! परंतु येथेच खरी गंमत आहे. खडीसाखरेचा खडा पाण्यात टाकला तर तो सावकाश विरघळतो. तेवढ्याच वजनाची पिठीसाखर मात्र क्षणार्धात नाहीशी होते. कारण कण जितके बारीक, तितका त्यांचा पाण्याशी संबंध येणारा पृष्ठभाग अधिक. एक सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच असा एक ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर, म्हणजे एखाद्या पोस्टाच्या तिकिटाएवढे भरेल. त्याच ठोकळ्याचे एक-एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे करता आले, तर त्या सर्वांचा मिळून पृष्ठभाग सहा हजार चौरस मीटर होईल. तिकिटाएवढ्या जागेचे दीड एकर शेत झाले म्हणा ना!

पृष्ठभाग असा वाढला की पदार्थाचे वागणेही पालटते. पिवळेधमक सोने अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने पाण्यात विखुरले की ते पाणी माणकासारखे लाल दिसते. जस्ताची पांढरी भुकटी पुरेशी बारीक केली, तर तिचा लेप अंगावर जवळजवळ दिसेनासा होतो आणि तरीही प्रखर उन्हापासून त्वचेचे रक्षण करतो. चांदीचे कण रोगजंतूंचा नाश करतात. म्हणून जखमेच्या पट्ट्यांत त्यांचा उपयोग करतात. लोखंडाच्या सूक्ष्म कणांनी भूगर्भातील दूषित पाणी शुद्ध करता येते. कार्बनच्या नॅनोनळ्या वजनाने अत्यंत हलक्या, पण बळकटीत पोलादालाही मागे टाकणाऱ्या आहेत.

परंतु नाण्याला दुसरी बाजूही असते. जे चांदीचे कण जखमेवरील जंतू मारतात, तेच सांडपाण्याबरोबर ओढ्यात गेले, तर तेथील माशांना आणि इतर जीवांना अपाय करणार नाहीत काय? जी नळी केसाहून हजारो पटींनी बारीक आहे, ती कामकऱ्याच्या श्वासाबरोबर फुप्फुसात गेली तर तिचे काय होते? हे केवळ भित्र्या मनाचे खेळ नव्हते. २००८ साली एडिंबरो येथील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. निरनिराळ्या प्रकारच्या नॅनोनळ्या त्यांनी उंदरांच्या उदरपोकळीत सोडल्या. लांब आणि ताठ नळ्यांनी तेथे ॲस्बेस्टॉससारखाच दाह उत्पन्न केला. आखूड किंवा गुंतवळासारख्या वळलेल्या नळ्यांनी मात्र तसे केले नाही. म्हणजे पदार्थ एक, नावही एक. परंतु आकार बदलताच गुण पालटला! सरसकट सर्व नॅनोपदार्थांना विष म्हणणे जितके चूक, तितकेच सर्वांना निर्दोष म्हणणेही चूक, हे ह्यावरून स्पष्ट झाले. प्रत्येक पदार्थाची वेगळी पारख करणे भाग होते.

सोनार सोन्याची पारख कशी करतो, हे तुम्हांस ठाऊक असेल. तो कसोटीच्या काळ्या दगडावर सोने घासतो आणि उमटलेल्या रेघेवरून त्याचा कस ठरवतो. पण समजा, प्रत्येक गावच्या सोनाराचा दगड निराळा आणि रेघ वाचण्याची रीतही निराळी असली, तर? मग एकाच दागिन्याला एक जण शंभर नंबरी म्हणेल आणि दुसरा हिणकस म्हणेल. नॅनोपदार्थांच्या बाबतीत हुबेहूब असेच घडत होते. एका प्रयोगशाळेने एका कारखान्याचे चूर्ण घेतले, दुसरीने दुसऱ्या कारखान्याचे. पिठात एकदम पाणी ओतले की जशा गुठळ्या होतात, तसे हे कणही पाण्यात एकमेकांस चिकटतात. एका ठिकाणी ते नुसते ढवळले, तर दुसऱ्या ठिकाणी ध्वनिलहरींच्या साहाय्याने सुटे केले. परिणाम असा झाला की, दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष परस्परांशी जुळेनात. दोन्हीकडचे शास्त्रज्ञ प्रामाणिक होते; परंतु त्यांचे माप एक नव्हते.

माप एक नसल्यामुळे होणारा घोटाळा माणसाला नवा नाही. आपल्याकडे पूर्वी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसे आणि एका बाजारचा शेर दुसऱ्या बाजारी चालत नसे. ह्या घोटाळ्यातून जगाची सुटका व्हावी, म्हणून १८७५ साली सतरा राष्ट्रांनी पॅरिस येथे मीटरचा करार केला. पुढे आपल्या देशानेही १९५८ सालापासून मीटर, किलोग्रॅम आणि लिटर ही मापे टप्प्याटप्प्याने स्वीकारली. लांबीचे आणि वजनाचे माप जगाने जसे एक केले, तसे सुरक्षिततेचे मापही एक करावे, असा विचार पुढे आला तोही पॅरिसमध्येच.

पॅरिस येथे ‘आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना’ ह्या नावाची अनेक राष्ट्रांची एक संस्था आहे. ती १९६१ साली कामास लागली. रसायनांची परीक्षा कोणत्या पद्धतीने करावी, हे सर्वांनी मिळून ठरवण्याचे काम ही संस्था पूर्वीपासून करीत आली आहे. २००६ साली तिने मानवनिर्मित नॅनोपदार्थांसाठी एक स्वतंत्र कार्यगट स्थापन केला. त्याच्या बैठकींना निरनिराळ्या देशांचे शास्त्रज्ञ आणि अधिकारी तर जमतच. परंतु हे पदार्थ बनवणारे कारखानदार, पर्यावरणाची चिंता वाहणारे कार्यकर्ते आणि कामगार संघटनांचे प्रतिनिधीही जमत. १८९८ साली धुळीत राबणाऱ्या त्या स्त्रियांना असल्या बैठकीत कोणी बोलावले नव्हते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

२००७ साली ह्या कार्यगटाने एक मोठी योजना हाती घेतली. जे नॅनोपदार्थ बाजारात आलेले आहेत किंवा लवकरच येण्याचा संभव आहे, अशांपैकी सुमारे डझनभर पदार्थ निवडावेत आणि त्यांच्या परीक्षेचा भार देशांनी आपसांत वाटून घ्यावा, असे ठरले. एखाद्या मोठ्या कार्याच्या वेळी गावातील घरे कामे वाटून घेतात, तसाच हा प्रकार होता. चांदीच्या कणांचा भार कोरिया आणि अमेरिका ह्यांनी उचलला. कार्बनच्या नळ्यांकडे जपान आणि अमेरिका ह्यांनी लक्ष पुरवले. रंगांत वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियमच्या पांढऱ्या भुकटीसाठी फ्रान्स आणि जर्मनी पुढे आले. जस्ताच्या भुकटीचे काम ब्रिटनने पत्करले. दक्षिण आफ्रिका ह्या संघटनेची सभासदही नव्हती. तरीसुद्धा सोन्याच्या कणांच्या परीक्षेचे पुढारीपण तिनेच घेतले.

प्रत्येक पदार्थाविषयी सुमारे साठ गोष्टी पाहावयाच्या होत्या. कणांचा आकार केवढा, घाट कसा, पृष्ठभाग किती? ते पाण्यात विरघळतात, तरंगतात की तळाशी बसतात? पाण्यातील चिमुकले जीव, मासे आणि मातीतील गांडुळे ह्यांच्यावर त्यांचा काय परिणाम होतो? श्वासाबरोबर शरीरात गेल्यास ते कोठे पोचतात? असे हे प्रश्न होते.

परंतु सर्वांनी निरनिराळी चूर्णे वापरली असती, तर पुन्हा जुनाच गोंधळ माजला असता. म्हणून एक उत्तम तोड काढण्यात आली. इटलीच्या उत्तरेस इस्प्रा नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे युरोपीय संघाची एक संशोधनसंस्था आहे. त्या संस्थेत ह्या चूर्णांचे एक भांडारच उभारण्यात आले. एकाच घाण्यातील चूर्ण घ्यावयाचे, ते काळजीपूर्वक लहान लहान कुप्यांत भरावयाचे, प्रत्येक कुपीला क्रमांक द्यावयाचा आणि त्या कुप्या देशोदेशींच्या प्रयोगशाळांकडे पाठवावयाच्या, अशी व्यवस्था झाली. आता कोरियातील शास्त्रज्ञ आणि जर्मनीतील शास्त्रज्ञ एकाच चूर्णाविषयी बोलू लागले. कसोटीचा दगड एक झाला.

हे काम वाटते तितके सोपे मात्र नव्हते. पूर्वीच्या परीक्षापद्धती मुख्यतः पाण्यात विरघळणाऱ्या रसायनांसाठी ठरवलेल्या होत्या. नॅनोकण पाण्यात टाकले की काही तरंगत, काही एकमेकांस बिलगून तळाशी जात, तर काही हळूहळू विरघळत. मग पाण्यातील माशाच्या वाट्याला नेमके किती कण आले, हे सांगावे कसे? म्हणजे पदार्थाची परीक्षा घेता घेता परीक्षेच्या पद्धतीचीच परीक्षा झाली! शास्त्रज्ञांनी ही अडचण झाकून ठेवली नाही. २०१३ साली संघटनेने आपल्या सभासदांना अशी शिफारस केली की, रसायनांच्या जुन्या पद्धती नॅनोपदार्थांसाठी बहुतांशी उपयोगी आहेत. परंतु गरज पडेल तेथे त्यांत योग्य तो फेरफार करावा. २०१५ साली अकरा पदार्थांविषयीची माहिती सर्व जगापुढे खुली करण्यात आली. नॅनोकण पाण्यात कितपत विखुरलेले राहतात, हे तपासण्याची एक नवी पद्धत २०१७ साली सर्वसंमतीने निश्चित झाली. अशा नव्या पद्धती लवकर तयार व्हाव्यात, म्हणून त्याच वर्षी युरोपात एक उपक्रम सुरू झाला. तो माल्टा ह्या देशाच्या नावाने ओळखला जातो. माल्टा हे भूमध्य समुद्रातील एक बेट-राष्ट्र असून त्याचे क्षेत्रफळ आपल्या मुंबईहूनही कमी आहे. जगाच्या कामात हातभार लावण्यास देश मोठाच असावा लागतो, असे नाही.

एका देशात केलेली परीक्षा दुसऱ्याने का मानावी, अशी शंका तुमच्या मनात येईल. तिचे उत्तर १९८१ सालच्या एका निर्णयात आहे. ठरलेल्या पद्धतीने, सर्व नोंदी चोख ठेवून आणि निरीक्षकांच्या देखरेखीखाली जी परीक्षा एका देशात झाली असेल, ती ह्या व्यवस्थेतील इतर देशांनी ग्राह्य मानावी, असा तो निर्णय होता. ह्यामुळे तीच तीच परीक्षा देशोदेशी पुन्हा करावी लागत नाही. पैसा आणि वेळ तर वाचतोच. शिवाय प्रयोगांत बळी पडणाऱ्या मुक्या प्राण्यांची संख्याही कमी होते. भारत ह्या संघटनेचा सभासद नसला, तरी २०११ साली तो ह्या व्यवस्थेत पूर्णपणे सामील झाला. तेव्हापासून भारतातील मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत झालेली अशी परीक्षा त्या देशांतही मानली जाऊ लागली. मात्र असा विश्वास फुकट मिळत नाही. एखाद्या प्रयोगशाळेने एक नोंद जरी खोटी केली, तरी तो विश्वास डळमळीत होतो. म्हणून प्रयोगवहीत जे दिसले तेच लिहिणे, मनाजोगते उत्तर आले नाही तरी ते न खोडणे, हा शास्त्रज्ञाचा पहिला धर्म होय.

हे काम अजून संपलेले नाही. नवे नवे नॅनोपदार्थ निर्माण होतच आहेत आणि त्यांच्यासाठी पद्धतीही सुधाराव्या लागत आहेत. परंतु एक मोठी गोष्ट साधली आहे. ॲस्बेस्टॉसच्या वेळी धोक्याची सूचना एकट्या-दुकट्या माणसाने दिली आणि ती हवेत विरून गेली. नॅनोपदार्थांच्या बाबतीत मात्र घरोघरी आजारी माणसे दिसू लागण्याची वाट न पाहता अनेक राष्ट्रे आधीच एकत्र बसली. त्यांनी भीतीपोटी उपयुक्त वस्तू फेकून दिली नाही आणि लोभापायी डोळ्यांवर कातडेही ओढून घेतले नाही. ‘आधी तपासू, मग ठरवू, आणि तपासू ते सर्व मिळून,’ असा सरळ मार्ग त्यांनी धरला.

सकाळी खिडकीतून घरात कवडसा येतो, तेव्हा त्यात असंख्य धूलिकण तरंगताना दिसतात. कवडसा नाहीसा झाला की ते दिसत नाहीत. पण म्हणून ते तेथे नसतात काय? नॅनोकण तर त्या धूलिकणांहूनही शेकडो पटींनी लहान. ते कवडशातही दिसावयाचे नाहीत. जे डोळ्यांना दिसत नाही, ते पाहण्यासाठी ज्ञानाचा प्रकाश लागतो, आणि एवढा प्रकाश पाडणे कोणा एका राष्ट्राला शक्य नाही. लूसीबाईंनी एका कारखान्यातील धुळीकडे ज्या काळजीने पाहिले, त्याच काळजीने आज अनेक देश मिळून ह्या अदृश्य कणांकडे पाहत आहेत. ती नजर अशीच जागी राहिली पाहिजे.

स्वाध्याय

१. लूसी डीन ह्यांनी आपल्या अहवालात कोणता इशारा दिला? त्याकडे दुर्लक्ष का झाले असावे?

२. पदार्थाचे कण अतिसूक्ष्म झाले की त्याचे गुण का पालटतात? खडीसाखर आणि पिठीसाखर ह्यांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

३. दोन प्रामाणिक प्रयोगशाळांचे निष्कर्ष परस्परांशी का जुळत नव्हते?

४. इस्प्रा येथील भांडारामुळे कोणती अडचण दूर झाली?

५. ‘पदार्थाची परीक्षा घेता घेता परीक्षेच्या पद्धतीचीच परीक्षा झाली,’ असे लेखकाने का म्हटले आहे?

६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : दबा धरून बसणे, डोके वर काढणे, हातभार लावणे, डोळ्यांवर कातडे ओढणे.

७. करून पाहा : समान वजनाची खडीसाखर आणि पिठीसाखर समान पाणी घेतलेल्या दोन पेल्यांत टाका. विरघळण्यास लागणारा वेळ घड्याळात पाहून वहीत लिहा. तुमच्या नोंदी मित्राच्या नोंदींशी ताडून पाहा. त्या जुळल्या नाहीत, तर त्याची कारणे दोघांनी मिळून शोधा.